उनकेश्वरच्या कुंडावर मामाच्या पायाला चटका कळला नाही, तिथून सुरू झालेली केस

मी आरोग्य खात्यात कुष्ठरोग तंत्रज्ञ आहे, मराठवाड्यातच, आणि ही केस माझ्या सख्ख्या मामाची आहे. मामाला विचारूनच लिहितोय, फक्त नाव-गाव टाकत नाही. परभणी जिल्ह्यातला कोरडवाहू शेतकरी, वय साठीच्या आत-बाहेर, शुगर नाही, बीपी नाही, बिडी मात्र भरपूर. त्रास काय तर डाव्या दंडावर मागच्या बाजूला एक फिकट चट्टा, पाठीवर एक, उजव्या मांडीवर एक, दोनेक वर्षांपासूनचे. आधी गावातल्या मेडिकलवरून नायट्याची ट्यूब आणून लावली, मग तालुक्याला एका खाजगी डॉक्टरला दाखवलं, त्यांनीही नायटाच समजून गोळ्या आणि मलम दिलं, चट्टा होता तिथंच राहिला. खाज नाही, आग नाही, दुखणं नाही, म्हणून मामाही निवांत. आमची भेट व्हायची ती लग्नाकार्यात, तेव्हा अंगात नेहरू शर्ट, त्यामुळं दंडावर काय आहे हे दिसायचा प्रश्नच नव्हता. मग कुणीतरी मामीला सांगितलं की उनकेश्वरला घेऊन जा, तिथल्या पाण्यानं कातडीचं सगळं जातं, आणि चैत्रात माहूरला देवीला जायचंच होतं तर परतताना तेही करू असं ठरलं.

उनकेश्वर माहीत नसेल तर सांगतो. नांदेड जिल्ह्यात किनवट तालुका, पैनगंगेचं खोरं, नदीच्या पलीकडं यवतमाळ. सगळा डोंगराळ आणि जंगलाचा भाग, सागवान, पळस, मोहाची झाडं, गोंड, कोलाम, आंध लोकांची गावं. आपला बाकीचा मराठवाडा बघितलेला माणूस इकडं आला की त्याला वाटतंच नाही हा आपलाच भाग आहे म्हणून. तिथं महादेवाचं देऊळ आणि गरम पाण्याचं कुंड. कोकणात असे झरे रग्गड आहेत, वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हेरे, तुरळ, राजवाडी, तिकडं जळगावला उनपदेव, वणीकडं कायर, पण मराठवाड्यात नाव घ्यावं असं ठिकाण म्हणजे उनकेश्वरच. कथा अशी सांगतात की शरभंग ऋषींना त्वचेचा मोठा आजार होता, वनवासात राम तिथं आले, त्यांनी बाण मारला आणि जमिनीतून गरम पाणी निघालं, त्या पाण्यानं ऋषी बरे झाले. त्यामुळं कातडीचं काहीही असू द्या, गजकर्ण, खरूज, सोरायसिस, कोड, माणसं तिकडं जातात, पिढ्यान् पिढ्या जातायत.

आणि त्या श्रद्धेत नुसतंच ऐकीव काही आहे असं मला वाटत नाही, हे स्पष्ट सांगतो. पाण्याला गंधकाचा वास येतो, आणि गंधक हे खरजेवरचं जुनं औषध आहे, आजही गंधकाचं मलम खरजेला देतात. सोरायसिसच्या माणसानं कोमट पाण्यात बसून खपल्या भिजवल्या की त्याला बरं वाटतं, सांधे धरलेल्या म्हाताऱ्या माणसाला गरम पाण्यानं मोकळं वाटतं. पाणी गरम कशामुळं, तर खाली ज्वालामुखी आहे असं बरेच जण सांगतात, ते खरं नाही. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तो कधीच थंड झाला. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खूप खोल जातं, दर किलोमीटरला तिथलं तापमान साधारण 25 ते 30 अंशांनी वाढत जातं, खाली तापलेलं पाणी एखादी मोठी भेग सापडली की पटकन वर येतं, वाटेत खडकातले क्षार आणि वायू घेऊन येतं. एवढंच. पण डोंगरातून वाफाळतं पाणी निघताना डोळ्यांनी बघितलं की हात जोडावेसे वाटतातच, मलाही वाटतात.

तर चैत्रातलं ऊन, क्रूझर गाडी, आम्ही सगळे घरचे, मामा-मामी, मामेभाऊ, त्याची बायको, पोरं. वसमत, नांदेड, अर्धापूर, हदगाव, मग नदी ओलांडून उमरखेड, महागाव, आणि धनोड्यावरून परत अलीकडं येऊन माहूर. रेणुकेचं दर्शन, दत्तशिखर, अनसूया, हे झालं आणि दुसऱ्या दिवशी सारखणी, मांडवी करत उनकेश्वरला पोचलो तर सूर्य बरोबर डोक्यावर.

आता मुद्द्याची गोष्ट. चपला बाहेर काढल्या आणि देवळाच्या फरशीवरून कुंडाकडं निघालो. चैत्रातली दुपारची फरशी, तुम्हाला माहीत आहे कशी असते. पोरं टणाटण उड्या मारत पळाली, मामी "अगं बाई बाई" करत सावलीला गेली, मी स्वतः टाचा उचलून चाललो होतो. आणि मामा मधोमध उभा. खांद्यावर टॉवेल, एका ओळखीच्या परभणीच्या माणसासोबत कापसाच्या भावावर गप्पा मारत, आरामात, एक पाय सुद्धा हलवत नव्हता. मी बघतच राहिलो. कुंडाच्या पायरीवर पण तेच, बाकीचे आधी बोटं बुडवून, पाय मागं घेऊन, परत टाकून हळूहळू उतरत होते आणि मामा सरळ गुडघ्यापर्यंत आत. "चांगलं हाय की रं पाणी, लई तापलेलं न्हाई," म्हणाला.

माझं काम ज्यांना माहीत आहे त्यांच्या लक्षात आलंच असेल. शेतकऱ्याचे तळवे जाड असतात, घट्टे पडलेले असतात, हे मान्य, पण घट्टे पडलेल्या माणसाला सुद्धा तापल्या फरशीवर दोन-चार मिनिटांत चटका कळतो. मी मामाला म्हटलं, मामा, जरा सावलीत चला, मला तुमचे पाय बघू द्या. मामा म्हणाला, "कामून रे, अंघुळ तर करू दे." म्हटलं, अंघोळ नंतर, पाणी कुठं पळून चाललं नाही.

झाडाखाली ओट्यावर बसवलं आणि आधी हात बघितले. उजव्या हाताच्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये दोन भाजल्याच्या खुणा, एक जुनी काळी पडलेली, एक ताजी. बिडी संपत आली तरी बोटाला कळत नव्हतं. डाव्या हाताची करंगळी जराशी आत वळलेली, मामीला विचारलं तर ती म्हणाली, "ते वर्सापासून तसंच हाय, औताला लागलं असंल." मग पाय. उजव्या टाचेला खोल भेग, तिच्यात माती भरून बसलेली, आणि डाव्या तळव्याला चवड्याखाली फोड यायला सुरुवात झालेली, पांढरट, पाणी धरलेला. तो त्याच फरशीचा होता. मामाला विचारलं, दुखतंय का, तर तो वाकून बघायला लागला की कुठं म्हणून.

मामीच्या पूजेच्या पिशवीत फुलवाती होत्या, त्यातली एक घेतली आणि टोक बारीक करून मामाला म्हटलं, डोळे मिटा, जिथं स्पर्श होईल तिथं बोट ठेवा. आधी चांगल्या कातडीवर केलं म्हणजे त्याला खेळ समजावा. कपाळावर, छातीवर, बरोब्बर बोट ठेवलं. मग दंडावरच्या चट्ट्यावर लावलं, मामा डोळे मिटून शांत. परत लावलं, शांत. चट्ट्याच्या बाहेर एक इंच सरकलो की लगेच बोट आलं. पाठीवर तेच, मांडीवर तेच. तळव्यावर बॉलपेनचं टोक हलकं टेकवलं, डाव्याला काहीच नाही, उजव्याला टाचेकडं थोडं थोडं. कोपराच्या आतल्या बाजूला जी नस असते ती दोन्ही हातांना चाचपली, डावीकडची जाड लागली, दाबली तर मामानं तोंड वाकडं केलं. घोट्याच्या आतल्या बाजूची नस पण दोन्ही पायांना जाड.

फिकट चट्टा, त्याला खाज नाही, आणि त्यावर स्पर्श कळत नाही, हे कुष्ठरोगाचं लक्षण आहे. नायट्याला खाज येते, कोड पांढरं फट्ट असतं पण त्यावर स्पर्श कळतो. एवढा फरक घरातल्या घरात कळू शकतो, त्याला मशीन लागत नाही. निदान अर्थात वैद्यकीय अधिकारीच करतात, मी फक्त संशयित म्हणून पाठवू शकतो, पण तिथं त्या ओट्यावर मला शंका राहिली नव्हती.

मामाला लगेच सांगितलं नाही, सगळ्यांसमोर तर नाहीच. फोडाला स्वच्छ फडकं बांधलं, फोड फोडू नका म्हणून बजावलं, आणि अंघोळ? हा कठीण प्रश्न होता. माणूस एवढ्या लांबून श्रद्धेनं आलेला, त्याला कोरडं परत न्यायचं नाही असं मी मनाशी ठरवलं. पण बधिर पाय गरम पाण्यात सोडायचा नाही हे त्याहून पक्कं. पाणी 50 अंशांच्या पुढं असलं तर काही मिनिटांत कातडी भाजते, 60 ला तर काही सेकंदांत, आणि आपण वाचतो ते फक्त चटका कळतो म्हणून, पाय आपोआप मागं येतो म्हणून. ज्याला चटकाच कळत नाही त्याचा पाय मागं येणार कसा? म्हणून बादलीत कुंडाचं पाणी घेतलं, थंड पाणी मिसळलं, मामेभावानं स्वतःच्या कोपरानं बघितलं, आणि सावलीत पाटावर बसवून मामाला तांब्यानं अंघोळ घातली. मामानं "हर हर महादेव" म्हणत डोक्यावर पाणी घेतलं, मन भरलं त्याचं. पाणी तेच, कुंड तेच.

परतीच्या वाटेवर चहाला थांबलो तेव्हा मामाला बाजूला घेऊन सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हंजी रगतपितीच की." मी म्हटलं, हो, तोच आजार, पण मामा, तुमच्या लहानपणी जसा होता तसा आता राहिला नाही, गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, फुकट गोळ्या आहेत, सरकारी दवाखान्यात. त्याचा पुढचा प्रश्न त्याच्या स्वतःबद्दल नव्हताच, "लेकरांना झालं असंल का?" हा होता. आणि लगेच दुसरा, "मी रोज अंघुळ करतो रे, कुनाचं वाईट केलं न्हाई, मग मला कामून?"

त्याला जे सांगितलं ते इथंही लिहितो कारण घरोघरी हेच प्रश्न असतात. हा जंतूचा आजार आहे, 1873 मध्ये नॉर्वेच्या हॅन्सन नावाच्या डॉक्टरनं तो जंतू शोधला, पापाचा आणि रक्ताचा काही संबंध नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या श्वासातून, खूप काळ जवळ राहिल्यावर पसरतो, आणि बहुतेक माणसांच्या अंगात त्याच्याशी लढायची ताकद जन्मजात असते म्हणून दहाजण संपर्कात आले तरी सगळ्यांना होत नाही. जंतू इतका हळू वाढतो की लागण झाल्यापासून लक्षण दिसायला सरासरी पाच वर्षं, कधी कधी वीस वर्षंही लागतात. त्याला शरीराचे थंड भाग आवडतात, कातडी, कातडीजवळच्या नसा, नाक, कानाची पाळी. इथं एकजण मला म्हणाला होता की मग गरम पाण्यानं मरत असेल ना. नाही मरत. अर्धा तास कातडी तापते, तासाभरात परत जशी होती तशी, जंतू नसेच्या आत बसलेला, त्याला काही होत नाही. उलट नस सुन्न करत करत तो पुढं जात राहतो, आणि कुंडावर जाऊन आल्यावर चट्ट्याला मऊ वाटलं, बरं वाटलं की माणूस अजून वर्षभर दवाखान्यात जात नाही. मला भीती या वर्षाची आहे. चट्टा चेहरा बिघडवतो म्हणून या आजाराला लोक भितात, पण खरं नुकसान नस करते, हाताची बोटं वळतात, पायाला जखमा होतात आणि कळतच नाहीत.

त्याच आठवड्यात मामाला आमच्याकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तपासलं. चट्टे तीनच, पण नसा एकापेक्षा जास्त, त्यामुळं जास्त जंतूंचा प्रकार धरला, म्हणजे एमडीटी, दोन-तीन औषधं एकत्र द्यायचा उपचार, 12 महिने. पहिला डोस तिथंच समोर, महिन्यातून एकदा रिफाम्पिसिन 600, क्लोफाझिमिन 300 आणि डॅप्सोन 100 मिलीग्रॅम, आणि घरी रोज क्लोफाझिमिन 50 आणि डॅप्सोन 100. सगळं एकाच पाकिटात, महिन्याचं एक पाकीट, पैसा लागत नाही. पहिल्या डोसच्या दिवशी लघवी लालसर झाली तर मामी घाबरली, तिला आधी सांगून ठेवलेलं असूनही. ते रिफाम्पिसिनचं असतं, एका दिवसात जातं. क्लोफाझिमिननं कातडी काळपट तांबूस होते, तेही औषध संपल्यावर काही महिन्यांत ओसरतं. हे आधी सांगितलं नाही तर लोक मधेच गोळ्या सोडतात, आणि रंग काळा झाला म्हणून गोळ्या सोडलेली माणसं मी बघितलीत, म्हणून मी प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगतो. पहिल्या डोसनंतर थोड्याच दिवसांत पेशंटपासून दुसऱ्याला लागण व्हायचं जवळपास थांबतं, ही गोष्ट सांगितल्यावर मामा पहिल्यांदा नीट जेवला, असं मामीनं फोनवर सांगितलं.

तळव्याचा फोड मात्र फुटलाच. जखम झाली, भरायला वेळ लागला कारण मामाला चालायचं थांबवणं हे त्याच्या गोळ्यांपेक्षा अवघड काम. दुखत नाही म्हणून माणूस जखमेवरूनच चालतो. शेवटी मामेभावानं औत स्वतःकडं घेतलं आणि मामाला ओसरीवर बसवलं. रोज संध्याकाळी पाय घरच्या साध्या पाण्यात, गरम अजिबात नाही, वीस मिनिटं भिजवायचे, घट्टे दगडानं हलके घासायचे, मग खोबरेल तेल लावायचं, आणि मग आरशात किंवा मामीकडून तळवा बघून घ्यायचा की नवीन काही लागलंय का. बधिर पायांसाठीची मऊ रबराची चप्पल, एमसीआर म्हणतात ती, आरोग्य केंद्रातूनच मिळाली, तिला खिळा नसतो. मामानं सुरुवातीला ती फक्त घरात घातली, शेतात नाही, कारण गाव ओळखेल म्हणून. मामीनंच एक दिवस पाहुण्यांसमोर ती चप्पल त्याच्या पायापाशी आणून ठेवली, त्यानंतर तो प्रश्न मिटला.

चौथ्या-पाचव्या महिन्यात दंडावरचा चट्टा लाल होऊन सुजला, कोपराजवळची नस ठणकायला लागली, करंगळीसोबत शेजारचं बोट पण कमजोर. मामाला वाटलं औषध उलटलं, तो पाकीट बंद करायच्या बेतात होता. ही रिअॅक्शन असते, जंतूंविरुद्ध शरीराची प्रतिकारशक्ती एकदम जागी होते तेव्हा होते, आणि ती नसेला सगळ्यात धोकादायक. एमडीटी चालूच ठेवायची आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली प्रेडनिसोलोन, म्हणजे सूज उतरवणारं स्टेरॉइड, सुरू करायचं, डोस हळूहळू कमी करत आणायचा, मधेच सोडायचं नाही. नसेची कमजोरी नवीन असेल, सहा महिन्यांच्या आतली, तर बऱ्याचदा ताकद परत येते. मामाच्या बोटात बरीच ताकद परत आली, करंगळी मात्र जुनी होती, ती तशीच राहिली. तळव्याची बधिरता पण राहिली. चट्ट्याच्या पहिल्या वर्षात कुणी फुलवात लावून बघितली असती तर हे दोन्ही वाचलं असतं, याची मला अजून हळहळ वाटते.

घरच्या सगळ्यांची तपासणी झाली, शेजारच्या घरांची सुद्धा. लक्षण नसलेल्या संपर्कातल्या लोकांना रिफाम्पिसिनचा एकच डोस देतात, आजार होण्याची शक्यता कमी करायला. घरच्यांनी घेतला. शेजारच्या एका घरानं आधी दार लावून घेतलं, आम्हाला काही नाही म्हणाले. आमची आशाताई तिसऱ्यांदा गेली तेव्हा मामी तिच्यासोबत गेली आणि ओट्यावर बसून म्हणाली, "मी याच मानसाच्या ताटात जेवते, तुमी एक गोळी घ्यायला भिता का?" घेतली त्यांनी. याच मामीला तिच्या माहेरच्या एका शहाण्यानं फारकतीचं सुचवलं होतं, आणि त्याला मी सांगितलं की 2019 मध्ये कायदा बदललाय, कुष्ठरोग हे आता घटस्फोटाचं कारण धरता येत नाही. मामीला कायद्याची गरज नव्हती, पण अशा कितीतरी बायका आणि कितीतरी पुरुष आहेत ज्यांना ती आहे.

भारतानं 2005 च्या अखेरीस हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून दूर झाल्याची पातळी गाठली, म्हणजे दहा हजार लोकांमागं एकापेक्षा कमी रुग्ण. लोकांनी त्याचा अर्थ आजार संपला असा घेतला. तो आहे, दरवर्षी 30 जानेवारीला गांधीजींच्या पुण्यतिथीपासून कुष्ठरोगाच्या जागृतीचं स्पर्श अभियान होतं, घरोघरी शोधमोहीम होते, आशाताई चट्टा आहे का विचारतात आणि निम्मे लोक "काही नाही" म्हणून पाठवतात, कारण चट्टा दंडाच्या मागं असतो, पाठीवर असतो, दिसतच नाही आणि त्रास देत नाही.

उनकेश्वरसारख्या ठिकाणी कातडीची तक्रार असलेली माणसं स्वतःच्या पायानं येतात, अंगावरचे कपडे काढून बसतात, चट्टे उघडे असतात. आमच्या मोहिमेत आम्ही ज्यांना दारोदार शोधतो ती माणसं तिथं स्वतःच बसलेली असतात. यात्रेच्या दिवसांत कुंडाजवळ एक टेबल, दोन तपासणारी माणसं आणि एक मराठी फलक, "चट्ट्यावर स्पर्श कळतो का, बघून घ्या", एवढं झालं तरी खूप होईल. हे मी माझ्या वरिष्ठांना लेखी दिलंय आणि पाठपुरावा करतोय. तोपर्यंत कुणी गरम पाण्याच्या कुंडावर निघालं असेल तर घरीच एकमेकांच्या पाठीवर, दंडावर, मांडीवर बघून घ्या, फिकट किंवा लालसर चट्टा दिसला तर डोळे मिटायला सांगून कापूस लावा. चट्ट्यावर स्पर्श कळला नाही तर आधी आरोग्य केंद्र. हातापायाला मुंग्या, बधिरपणा, शुगर असेल तर पाय कुंडात टाकायच्या आधी दुसऱ्या चांगल्या माणसाच्या कोपरानं पाणी बघा, दुपारी अनवाणी फरशीवर जाऊ नका, पायात जाड मोजे घाला, देव काही म्हणत नाही. पायाला जखम असेल तर कुंडात उतरूच नका, बादलीत कोमट करून अंगावर घ्या आणि जखम कोरडी ठेवा.

मामाचे बारा महिने पूर्ण झाले. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी कार्डावर उपचार पूर्ण अशी नोंद केली, नसांच्या तपासणीसाठी अधूनमधून यायला सांगितलंय, तो येतो. बिडी कमी केलीय, सोडलेली नाही, पण आता लांब होल्डरसारखी लाकडी नळी करून घेतलीय मामेभावानं, बोटं भाजायची थांबली. या चैत्रात परत माहूरला जायचं म्हणतोय आणि उनकेश्वरला पण. मी जा म्हटलंय. दुपारी नको, सकाळी जा, चप्पल देवळाच्या दारापर्यंत घाला, आत मोजे, आणि बादली घरून न्या.